किरकोळ खर्च

मकरपुरा जीआयडीसी. प्लॉट नंबर राहू दे.
पत्र्याखाली सात पॉवर प्रेस, एक टेबलफॅन
आणि मी. दांडिया बाजारातून स्कूटीवर येते,
इथे सगळे मला कर्णिकबेन म्हणतात.
आमच्या घरी जिला कीर्द म्हणत
तिला इथे रोजमेळ म्हणतात.
बेरीज तीच येते.

किरीटभाई शेठ वाईट माणूस नाही, हे आधी लिहून ठेवते.
चोपडापूजनाला पहिलं कुंकू माझ्या पेनला लावतात.
एकदा त्यांना घसारा समजावला होता:
यंत्र दरवर्षी थोडं थोडं मरतं, शेठ,
ते मरण आपण खर्चात टाकतो.
ते हसले. आणि माणसांचं?
माणसं आपली मालमत्ता नाहीत, मी म्हणाले,
त्यांना घसारा लागत नाही.
तेव्हा ते उत्तर मला बरोबर वाटलं होतं.

गुरुवारी चार नंबरच्या प्रेसवर
नारसिंग राठवाची दोन बोटं गेली.
उजवा हात.

भरपाईच्या कायद्यात तक्ता असतो.
तर्जनी, पूर्ण: चौदा टक्के.
मधलं बोट, पूर्ण: बारा.
मी पेन्सिलीने सव्वीस लिहिलं.
मग दुसरी ओळ दिसली:
एका हाताची दोन बोटं, वीस.
एकतीस वर्षांत अशी बेरीज पाहिली नव्हती.
पुन्हा केली.
बोटांवर.

शेठ म्हणाले, पाळी संपली होती त्याची,
परत आत आला, स्वतःच्या कामाला.
विम्यावाल्याला एवढंच सांगायचं.
गेटवरच्या पढियारकाकांना बोलावलं.
परक्याचं मूल धरावं तसं रजिस्टर छातीशी धरून
ते दारातच उभे राहिले.
तीन चाळीस, रिक्षा आत.
तीन सेहेचाळीस, रिक्षा बाहेर. नारसिंग. रुमाल एक.
गेटबाहेर जाईल ते मोजून लिहायचं
एवढंच त्यांना शिकवलंय.
पाळी सुटते पाचला.
पान काढता यायचं नाही शेठ, काका म्हणाले,
पानांवर नंबर आहेत.
माल चोरीला जातो म्हणून
तुम्हीच छापून घेतले होते.

विम्याचा माणूस मात्र गेटवर थांबलाच नाही.
प्रेसपाशी वाकला, टॉर्च मारली:
हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर
चालू का नव्हता?
कोणालाच माहीत नव्हतं.
मलाही नव्हतं, संध्याकाळपर्यंत.

फेब्रुवारीची फाइल. व्हाउचर एकशे चौदा.
'चार नंबर, सेन्सर डायरेक्ट करणे,
वायर व मजुरी, रु. १८०.'
खातं: किरकोळ खर्च.
तपासलं: मृ. कर्णिक.
क ची शेपटी लांब, घाईत होते तशी.
पाचशेच्या आत मी काही विचारत नाही.
तो नियम शेठचा नाही, माझा.

शेठनी फाइल पाहिली. काही बोलले नाहीत.
कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद केला
आणि फाइल उघडीच ठेवून
लघवीला गेले. बराच वेळ गेले.
टेबलावर स्टेपल काढायचा चिमटा होता.
तो रोजच असतो.

देणं नक्की, रक्कम नक्की नाही,
त्याला तरतूद म्हणतात.
हे मी दर मार्चला नव्या पोरांना शिकवते.
उदाहरण वीजबिलाचं देते.

चिमट्याने पिन काढली.
कागद चार घड्यांचा करून पर्समध्ये ठेवला.
नारसिंगचा मेहुणा डेपोजवळच्या झेरॉक्सवर थांबलाय,
त्याला तीन दिवस वाचताच येत नव्हतं
नक्की काय मागायचं ते.

गेटवर काकांनी पेन काढलं.
कर्णिकबेन, बाहेर, पाच दहा.
हातात काय?
व्हाउचर, एक, मी म्हणाले.
त्यांनी लिहिलं. वर पाहिलं नाही.
पुढच्या रकान्यावर पेन थांबलं:
वस्तू परत येणार?

झेरॉक्स येईल, मी म्हणाले.